नोंदणीचं पान पुढं जाईना

उदगीरला मोंढ्याच्या रस्त्यावर वीरण्णांचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दिवसभर पातेल्या-परातींचा खणखणाट, आणि वरच्या खोलीत त्यांची थोरली पोर अंबिका लॅपटॉपमध्ये मान घालून बसलेली. नांदेडला राहून कॉम्प्युटर शिकली, तिथंच दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वेबसाईटी बनवल्या, आणि आता म्हणत होती की मला लातूरला स्वतःचं ऑफिस टाकायचं. औसा रोडला एक खोली, बाहेर पाटी, सोबतीला मैत्रीण रेणुका. एवढंच मागणं. पण एवढंच मागणं घरात मांडलं की जेवणाच्या ताटावर सगळे असे बघायचे, जसं काही पोरीनं पळून जायची परवानगी मागितली.

"आधी लगीन, मग ऑफिस," सिद्धम्मा म्हणायची. ही अंबिकाची आई. पोर तिला अव्वा म्हणायची, आणि वडलांना अप्पा.

"अव्वा, लग्न झाल्यावर ऑफिस कोण टाकू देतं?"

"मग नको टाकू."

झालं, विषय संपला. रोज असाच संपायचा.

अशात समाजाच्या वधू-वर मंडळाचा मेळावा ठरला. लातूरला, रविवारी. वीरण्णा मंडळाचे सचिव, आणि अध्यक्ष दयानंदकाका, लातूरचे कापडवाले. यंदा नोंदणी वेबसाईटवर घ्यायची असं मंडळानं ठरवलं आणि काम अंबिकाच्या गळ्यात पडलं. म्हणजे तिनं ते गळ्यात पाडून घेतलं, खरं सांगायचं तर. दयानंदकाका दुकानात चहा पीत बसले होते, ती जिन्यावरून खाली आली आणि म्हणाली, "मी करून देते. पण नीट चालली तर अप्पांनी मला लातूरला ऑफिस टाकू द्यायचं."

वीरण्णांनी एक कळशी फडक्यानं पुसली, खाली ठेवली, परत उचलून पुसली. मग म्हणाले, "बरं. मेळाव्यापर्यंत एक तक्रार आली न्हाई तर ऑफिस. तक्रार आली तर मेळाव्यात तुझं नाव. स्टेजवर जायचं, माईक घ्यायचा, उंची-शिक्षण-अपेक्षा सगळं सांगायचं. दयानंदराव, तुम्ही साक्षीला."

"साक्षीला हाय," काका म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

स्टेजचं नाव काढताच अंबिकाला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. समोर खुर्च्यांवर भरगच्च काका-मावश्या, आणि आपण माईकवर 'माझ्या अपेक्षा' सांगतोय. त्यापेक्षा एखाद्या विहिरीत उतरावं. पण शब्द देऊन बसली होती.

साईट तशी साधी होती. मुलाची किंवा मुलीची माहिती भरायची, फोटो लावायचा, खालचं 'जमा करा' बटण दाबायचं. बटण दाबलं की माहिती मंडळाकडं जमा व्हायची आणि पान आपोआप पुढच्या पानावर जायचं. त्या पुढच्या पानावर 'आपली नोंदणी झाली' असं लिहिलेलं आणि मेळाव्याचा पास. हे जे आपोआप पुढं जाणं, त्यालाच तिच्या धंद्यात रिडायरेक्ट म्हणतात. साईट बनवणाऱ्याला हे म्हणजे हातचा मळ. गुरुवारी दुपारी तिनं सगळं तपासलं, सगळं सुरळीत चाललं, आणि संध्याकाळी ती निवांत भेळ खायला गेली.

शनिवारी सकाळी पहिला फोन आला तो देगलूरहून. महांतेश म्हणून कुणी शिक्षक होते.

"मॅडम, बटण दाबलं की कोरं पान येऊन राहिलं. परत दाबलं, परत कोरंच. सकाळपासून दाबूनच राहिलो."

"दाबू नका सर, मी बघते," अंबिका म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता. माहिती तर दर वेळी जमा होत होती, फक्त पान पुढं जात नव्हतं. पाचेक मिनिटांत दयानंदकाकांचा फोन.

"हा महांतेश कोण हाय गं? यादीत वरपासून खालपर्यंत तोच बसलाय. लई घाई झालेली दिसती."

अंबिकानं खुलासा केला. काका हसले, पण मग गंभीर झाले. "बघ पोरी, चार वाजेपर्यंत थांबतो. न्हाईतर छापील फॉर्म काढतो आणि साईट बंद. आणि आपली अट माझ्या ध्यानात हाय. सर्व्हरची, कंपनीची, बाहेरची काही भानगड असंल तर मी तक्रार धरत न्हाई. पण तुझी चूक निघाली, तर अट म्हंजी अट."

"माझी चूक नाही काका."

"तेच बघून सांग."

फोन ठेवला आणि तिनं साईट उघडली. खोटी माहिती भरली, बटण दाबलं. कोरं पान. लॅपटॉपवर स्वतःपाशी जी प्रत होती तिच्यावर तेच करून बघितलं, तर पान सुळकन पुढं गेलं. म्हणजे घरी चालतंय आणि दारात चालत नाही. या धंद्यात याहून डोक्याला ताप दुसरा नाही.

तिनं आपला कोड वाचला. पुढं जायच्या हुकमानंतर 'आता थांब' असं सर्व्हरला सांगायचं राहिलं होतं. सापडलं म्हणाली. ती ओळ घातली, फाईल पुन्हा सर्व्हरवर चढवली, बटण दाबलं आणि पान पुढं गेलं. तिनं जिन्यात येऊन खाली आवाज दिला, "अप्पा, झालं चालू."

"चांगलं झालं बाळा," खालून वीरण्णा म्हणाले.

अर्ध्या तासात पुन्हा फोन. निलंग्याची मावशी, सिद्धम्माची धाकटी बहीण. तिच्या दिराच्या पोराची नोंदणी करायची होती.

"पान कोरं आलं का मावशी?"

"हाव, कोरंच हाय. मी पाया पडले आणि बंद केलं. झालं असंल ना?"

कोऱ्या पानाच्या पाया कामून पडायचं, असा प्रश्न त्या घडीला अंबिकाला पडायला हवा होता. पण ती घाईत होती. तिनं मावशीला बरं म्हणून वाटेला लावलं आणि पुन्हा कोडात घुसली. या वेळी तिला पुढच्या पानाचा पत्ता अर्धवट वाटला. घरात 'शेजारची खोली' म्हणून चालतं, बाहेरच्याला गल्ली आणि घर नंबर लागतो, तसं काहीतरी असेल. पूर्ण पत्ता घातला, फाईल चढवली, बटण दाबलं. गेलं की पुढं.

"अप्पा, आता पक्कं झालं."

"बरं झालं. मला काळजीच लागली होती," वीरण्णा म्हणाले.

आणि तासाभरात पुन्हा बंद.

आता मात्र अंबिकाच्या तोंडचं पाणी पळालं. चूक असते तर असते, नसते तर नसते. ही कसली चूक, जी दुरुस्त होते आणि थोडा वेळ बसून परत येते? जेवायला बोलवायला सिद्धम्मा वर आली तर पोरगी कपाळाला हात लावून बसलेली.

"भाकरी गार होऊन राहिली."

"होऊ दे अव्वा."

"न्हाई चालली तर न्हाई चालली. स्टेजवर जाऊन चार शब्द बोलली म्हणून काय झिजतीस?"

अंबिकानं अशी काही मान वर केली की सिद्धम्मा ताट तिथंच ठेवून खाली गेली.

तिनं नांदेडला रविकिरणला फोन लावला. हा तिच्या कॉलेजातला, मूळचा देगलूरचा, समाजातलाच. नांदेडला एका क्लासच्या वेबसाईटी सांभाळायचा. बोलायला संथ, पण असल्या गुंत्यात त्याचं डोकं चालायचं.

"पान कोरं हाय?" त्यानं विचारलं.

"कोरं."

"एकदम कोरं? एखादं अक्षर बिक्षर?"

"एकदम कोरं रे. थांब, फोटो पाठवते."

तिनं फोटो पाठवला. त्यानं तो मोठा करून बघितला. मग तो म्हणाला, "हाव, एकदम कोरंच हाय की."

दोघांनी मिळून मग सर्व्हरच्या कंपनीला नावं ठेवली, इंटरनेटला नावं ठेवली, आणि ते झाल्यावर रविकिरण म्हणाला, "सर्व्हरला त्याच्या तक्रारी पडद्यावर दाखवायला लाव. तू त्याचं तोंड बंद करून ठेवलंस, मग तो बोलणार कसा?"

हे खरं होतं. चालू साईटवर लोकांना इंग्रजी तक्रारी दिसू नयेत म्हणून तिनंच ते बंद केलं होतं. तिनं तक्रारी दाखवायचं चालू केलं, फाईल चढवली आणि बटण दाबलं. नेमकं त्या वेळी पान पुढं गेलं. गेलं म्हणून आनंद मानायचा की आता चूक कशी पकडायची म्हणून रडायचं? ती खाली दुकानात पाणी प्यायला गेली, वीरण्णांना म्हणाली, "चालू हाय सध्या तरी," आणि वर येऊन दर दोन मिनिटांनी बटण दाबत बसली. चाललं. चाललं. चाललं. आणि मग थांबलं. या खेपेला मात्र पडद्यावर सर्व्हरची तक्रार उमटली.

तक्रारीचा अर्थ असा होता, की बाई, पुढं जा हा हुकूम मी आता पाठवू शकत नाही, कारण पानातला मजकूर आधीच बाहेर पडलाय, आणि तो पडलाय तुझ्या फाईलीच्या पहिल्याच ओळीत.

हे समजायला सोपं आहे. लग्नात पाहुणा दारात आला की त्याला आधी सांगावं लागतं, इथं नको, वरच्या मजल्यावर जेवायला जा. एकदा का त्याला बसवला आणि ताटात एक घास वाढला, की मग कुठल्या तोंडानं उठवणार? सर्व्हरचंही तसंच असतं. पुढच्या पानावर जायचा हुकूम सगळ्यात आधी जायला हवा. त्याच्याआधी पानावरचं एक अक्षर जरी बाहेर गेलं, एखादी मोकळी जागा जरी गेली, की हुकूम रद्द. समोरच्याला दिसतं तेवढंच अक्षर, आणि बाकी काही नाही.

अंबिकानं सर्व्हरवरची फाईल उघडली. पहिली ओळ बघितली. काही नव्हतं. दुसरी ओळ बघितली, तिसरी बघितली, परत पहिलीवर आली. काही नव्हतं. पहिल्या ओळीच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहिली असेल म्हणून तिनं बोटानं पडद्यावर अक्षर अक्षर धरून वाचलं. श्री गुरु बसवलिंगाय नमः. मोकळी जागा कुठं नव्हती. ओळ स्वच्छ होती.

मग तिचं बोट तिथंच थांबलं.

आता यात तिला हसू नका. ज्या घरात लग्नपत्रिकेवर, बिलावर, वास्तुशांतीच्या निमंत्रणावर, किराण्याच्या यादीवरसुद्धा सगळ्यात वर ही ओळ असते, त्या घरातल्या माणसाला ती ओळ दिसत नसते. ती कागदाचा भाग असते. वर एवढं लिहून खाली काही नसलं की आमच्याकडं कागद कोराच म्हणतात. महांतेश सरांनी कोरं म्हणून सांगितलं, रविकिरणनं फोटो बघून कोरं म्हणून सांगितलं, आणि ती स्वतः सकाळपासून त्या ओळीकडं बघत कोरं कोरं म्हणत होती. फक्त निलंग्याच्या मावशीला ती दिसली, आणि तिनं जे करायचं ते केलं.

पण ही ओळ तिनं लिहिली नव्हती. साईटचा पासवर्ड तिच्याशिवाय एकाच माणसाकडं होता. मंडळाच्या मेळाव्याचे जुने फोटो चढवायला तिनंच तो दिला होता, आणि कुठं काय दाबायचं तेही मोबाईलवर शिकवलं होतं.

ती जिना उतरली ती धाडधाड. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वीरण्णा गल्ल्यामागं बसले होते, चष्मा नाकावर, मोबाईल डोळ्याजवळ.

"अप्पा, तुम्ही माझ्या फाईलीत काही लिहिलंय?"

वीरण्णांनी मोबाईल खाली ठेवला. चोरी पकडल्यावर माणूस दचकतो, ते दचकले नाहीत, उलट जरा खुशीतच म्हणाले, "दिसलं का तुला? तू सारखी नवी फाईल चढवून राहिलीस, की ते पुसून जातंय. मी परत घालून राहिलो. आता चौथ्यांदा घातलं."

अंबिका तिथल्या मोठ्या टोपाच्या काठावर टेकली. आणि मग सकाळपासूनचं सगळं एकदम वर आलं.

"त्यानंच साईट बंद पडतीय अप्पा. सकाळपासून. मी नीट करते, तुम्ही बिघडवता. तुम्हाला मी स्टेजवरच पाहिजे होते ना? तसं सांगायचं. मी आपली वेड्यासारखी कोड वाचत बसले."

वीरण्णांचा चेहरा पडला. अंबिकाला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बंद पडती?" ते हळूच म्हणाले. "मला न्हाई मालूम, बाळा. देवाशपथ न्हाई मालूम."

"मग लिहिलं कशाला?"

त्यांनी चष्मा काढला. "काल रात्री फोटो टाकताना ती फाईल उघडली. तुझं काम हाय म्हणून बघितलं. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई. पण वर बघतो तर काहीच न्हाई. सुरुवातच कसल्यातरी तिरक्या खुणेनं." त्यांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. "म्या ह्या दुकानात पहिलं बिल लिवलं ना, तवा माझ्या अप्पानं माझा हात धरला आणि वर नाव लिवून घेतलं. म्हणले, आता लिव काय लिवायचं ते, कुठं अडायचं न्हाई. तुझं हे पहिलं स्वतःचं काम. तुझा हात कोण धरणार? मला तर येत न्हाई काही. म्हणून म्या लिवलं. तुझं ते ऑफिस व्हावं म्हणूनच लिवलं."

ज्या माणसाला आपलं ऑफिस नको म्हणून अंबिका महिनाभर धुसफुसत होती, तो माणूस एका बोटानं मोबाईलवर अक्षरं शोधून शोधून तिच्या यशासाठी देवाचं नाव लिहीत होता. आणि ते पुसलं की परत लिहीत होता. तिचे डोळे भरून आले. तिनं ते ओढणीला पुसले आणि आवाज जरा जाड करून म्हणाली, "पण आता ते काढावं लागंल."

"नाव पुसायचं?" वीरण्णा कळवळले. "माझ्या हातानं न्हाई व्हायचं ते. तूही करू नको."

घड्याळात तीन वाजून गेले होते. काकांचे चार जवळ आले होते. आणि इथं हे असं होऊन बसलं.

अंबिका उठली, गल्ल्यापाशी गेली. "अप्पा, तुमचं इष्टलिंग कुठं हाय?"

वीरण्णांचा हात आपसूक छातीवरच्या पूजेच्या लिंगाकडं गेला. "हे काय, गळ्यात."

"सदऱ्याच्या आत का बाहेर?"

"आत."

"बाहेर कामून न्हाई? लोकांना दिसलं असतं."

"ते काय दाखवायची चीज हाय?" ते जवळजवळ रागावलेच. "ते आपल्यापाशी असतंय. दारात आलेल्याला काय करायचंय त्याचं?"

"मग साईटचंही तसंच करू. आत ठेवू." तिनं लॅपटॉप खाली आणला आणि गल्ल्यावर मांडला. "ही जी तिरकी खूण हाय ना, ती म्हणजे सदरा. त्याच्या वर लिहिलं की ते बाहेर पडतं आणि पान अडतं. ह्याच्या खाली, अशा दोन तिरप्या रेघा मारायच्या आणि पुढं लिहायचं. सर्व्हर ते वाचत न्हाई, कुणाला दाखवत न्हाई. पण फाईलीत ते राहतं. कायम राहतं."

वीरण्णांनी पडद्याजवळ तोंड नेऊन बघितलं. "कुणालाच दिसणार न्हाई?"

"मला दिसंल. रोज. फाईल उघडली की पहिलं तेच."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "सरक. म्याच लिवतो." वरची ओळ अंबिकानं उचलून आत घेतली तर ते पुसल्यासारखंच होईल, असं त्यांनी बजावलं, म्हणून आधी आत लिहिलं आणि मगच वरचं काढलं. लॅपटॉपवर मराठी टाईप करायची त्यांना सवय नव्हती. एकेक अक्षर शोधायला युग लागलं. अंबिका शेजारी उभी राहून घड्याळाकडं बघत होती आणि एकदाही लवकर करा म्हणाली नाही.

मग तिनं बटण दाबलं. पान पुढं गेलं. वीरण्णांनी दाबलं, गेलं. सिद्धम्माला बोलावून तिला दाबायला लावलं, तेव्हाही गेलं. अंबिकानं काकांना फोन करून साईट चालू झाल्याचं सांगितलं, आणि त्यांनी स्वतः दोनदा करून बघून हो म्हणून सांगितलं.

रविवारी लातूरला हॉल सकाळीच भरला. दारातल्या टेबलावर अंबिका पास तपासायला बसली होती. जे ऐनवेळी आले त्यांची नोंदणी तिथंच लॅपटॉपवर करून देत होती, आणि दर वेळी पान पुढं गेलं की तिला आतून बरं वाटत होतं. वीरण्णा स्टेजवर नावं पुकारायच्या तयारीला लागले होते. अशात दयानंदकाका टेबलापाशी आले. सोबत मंडळाची चार माणसं होती.

"काल काय झालं होतं गं? सगळे विचारून राहिलेत."

अंबिकानं स्टेजकडं बघितलं. अप्पा नवा सदरा घालून, माईकवर फुंकर मारून आवाज येतो का बघत होते. खरं सांगितलं तर ही चार माणसं आत्ताच्या आत्ता ती गोष्ट हॉलभर करतील. सचिवानंच साईट बिघडवली, तीही देवाचं नाव लिहून, तीही चारदा. पुढचे दहा मेळावे अप्पांना ते ऐकून घ्यावं लागेल. आणि का लिहिलं ते कुणी विचारणार नाही.

"माझी चूक राहिली होती, काका," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडं निरखून बघितलं. "तुझी? बाहेरची भानगड न्हाई?"

"न्हाई. माझीच."

"मग अट आठवती ना?"

"आठवती."

काकांना वाईट वाटलं असावं, पण चार माणसांसमोर ते काही करू शकत नव्हते, आणि शब्दाला ते पक्के होते. ते स्टेजवर गेले. पहिल्या दोन-तीन मुलामुलींची ओळख झाल्यावर त्यांनी वीरण्णांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "आता आपल्या सचिवांची कन्या अंबिका. आपली वेबसाईट तिनं बनवली. काल त्यात तिच्याकडून एक चूक झाली होती, ती तिनं कबूल केली आणि सुधारलीही. ये पोरी वर."

अंबिका उठली. मनात ती उंची आणि शिक्षण जुळवत होती, अपेक्षांपाशी काहीच सुचत नव्हतं. ती दोन रांगा ओलांडून पुढं गेली असेल, तेवढ्यात वीरण्णांनी माईक परत घेतला. घेतला म्हणजे काकांच्या हातातून ओढलाच.

"तिची चूक न्हाई," ते म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा आला. "ती फाईल म्या बिघडवली. मला कळत न्हाई त्यात म्या हात घातला. पोरगी नीट करायची आणि म्या परत बिघडवायचो, काल दिवसभर हेच चालू होतं."

हॉलमध्ये हशा पिकला. वीरण्णा थांबले. हसून होऊ दिलं.

"हसा. पण तिनं माझं नाव सांगितलं न्हाई, आणि तुम्ही तिला वर बोलावून राहिलेत. ते मला चालायचं न्हाई."

पुढच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "असू द्या हो वीरण्णा. पण पोरगी चांगली दिसती, आता उठलीच हाय तर येऊ द्या की."

"न्हाई. ती इथं कामावर आलीय," वीरण्णा म्हणाले. "वेबसाईटी बनवती. लातूरलाच ऑफिस हाय तिचं."

अंबिका दोन रांगांच्या मध्ये तशीच उभी राहिली. शेजारच्या खुर्चीवरच्या एका गृहस्थांनी मान वळवून विचारलं, "आमच्या कारखान्याची साईट करायची होती. कुठंशी हाय म्हणायचं ऑफिस?"

तिनं एकदा स्टेजकडं बघितलं. तिला हसू आलं.

"औसा रोडला," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या."